लेखिकेची ट्रंक आणि दुधाच्या हिशोबाची वही

लेखिका गेली की घरचे लोक 'साहित्य' तेवढं बाजूला काढतात, बाकीचं रद्दीवाल्याकडे जातं. घात तिथंच होतो. दुधाच्या हिशोबामागे कवितेचा पहिला खर्डा असतो, लग्नपत्रिकेच्या पाठीवर कथेचा शेवट. म्हणून ट्रंक उघडल्यावर आधी आहे तसे फोटो काढा, मगच गठ्ठ्यांना हात लावा. कुठल्या पत्राला कुठला खर्डा चिकटून होता, यावरूनही बरंच कळतं. संपादकांच्या 'साभार परत'च्या चिठ्ठ्या तर जपाच.

तारीख लावणं हे खरं डोकेदुखीचं काम. पत्रावर नुसतं 'मंगळवार' असतं. पाकीट टाकू नका, टपालाचा शिक्का वाचा. कार्डावर 'नये पैसे' छापलेलं असेल तर ते १९५७ च्या आधीचं नाही. पिनकोडाचे चौकोन असतील तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. 'घरांत', 'पुस्तकें' असे अनुस्वार दिसले म्हणून पत्र १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं ठरवू नका. हाताला बसलेलं वळण नियमानं सुटत नाही.

नावांचाही घोळ होतो. इंदिरा संत माहेरच्या दीक्षित. यादीत एक मुख्य नाव धरून माहेरचं, सासरचं, टोपणनाव त्याखाली लिहा, नाहीतर 'कु.' आणि 'सौ.' या दोन वेगळ्या बायका होऊन बसतात.

गंजलेली टाचणी ओढू नका. खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून हलकेच सोडवा. क्रमांक मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात. सेलोटेपचा चिकटा पिवळा पडून कागदात उतरतो, आणि लॅमिनेशन म्हणजे कागदाला जिवंत पुरणं.

आपल्याकडच्या पावसात ट्रंक भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. कोल्हापुरात २०१९ सारखं पंचगंगेचं पाणी घरात आलंच, तर ओली पानं ओढून सुटी करू नका. उन्हातही नको, कागद आकसतो. मध्ये टीपकागद घाला, पंखा लांबून लावा. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात उरकणार नसेल तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. शाईवर पुसायला जाल तर अक्षरच जाईल.

तिला आलेली पत्रं घरची असली, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. तो गेल्यावर वारसांचा. छापण्याआधी विचारा. शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय असो वा १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर, कागद द्यायचे ठरलं तर आधी बोलून घ्या, आणि देताना यादीच्या दोन प्रतींवर दोन्हीकडच्या सह्या घ्या.