माथेरानची घोडी आणि तोंडातलं लोखंड

मी घोड्यांची डॉक्टर आहे, माथेरानला तपासणीसाठी अधूनमधून जाणं होतं. त्या दिवशी एक मामा आपली तांबडी घोडी घेऊन आले आणि पहिलं वाक्य हेच, "मॅडम, हिचं डोकं फिरलंय, विकूनच टाकतो आता." तक्रार काय तर मान झटकते, उतारावर डोकं वर फेकते, वर बसलेली माणसं घाबरतात, आणि सकाळी लगाम घालायला गेलं की दात आवळून धरते.

तोंड उघडून टॉर्च मारली आणि माझ्या पोटात कालवलं. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे मोकळी जागा असते, लगामाचं लोखंड तिथेच बसतं, आणि तिथे हाडावर नुसता पातळ पापुद्रा असतो. हिच्या दोन्ही बाजूंना तिथे जखमा, डावीकडची खोल, जिभेच्या कडेला जुना चिरा. वर पहिल्या दाढेच्या अगदी पुढे एक बारका दात होता, वुल्फ टूथ म्हणतात त्याला, लोखंड त्याच्यावर आपटत होतं ते वेगळंच. लगाम हातात घेऊन बघितला तर आतल्या बाजूला टोकं. असला काटेरी लगाम वापरायला आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, पण बाजारात मिळतो आणि लोक घेतात, मामांनीही तसाच घेतलेला.

जखम भरेपर्यंत तोंडात काहीही घालायचं नाही म्हटल्यावर मामा गप्पच झाले. सीझन चालू होता, घोडी उभी राहिली तर घर कशावर चालणार? मी म्हटलं कामाला लावा, लोखंडाशिवाय लावा. "अहो पण थांबायची कशी? वर कुणाचं तरी पोर असतंय!" त्यांची भीती अगदी खरी होती, एका बाजूला दरी असते तिथे. पण मी त्यांना एकच विचारलं, रोज घोडी थांबवतं कोण? दोर हातात धरून पुढे चालतात ते मामाच, त्यांच्या आवाजावर ती थांबते. वर बसलेला माणूस काय करतो तर तोल गेला की लगामाला लटकतो, आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला असतो बिचारा, आणि त्याचं सगळं वजन त्या जखमेवर. म्हणजे ब्रेक मामांच्या हातात आणि लोखंडाचा उपयोग फक्त दुखवायला.

माझ्याकडे साइडपुल होता, म्हणजे नाकावरून जाणारा चामडी पट्टा, दोन्ही बाजूंना कड्या आणि त्यांना लगामाचे दोर. मामांना बसवण्याची जागा नीट दाखवली, गालाच्या हाडाची धार संपते तिथून दोन बोटं खाली, त्याच्या खाली अजिबात नाही, कारण पुढे नाकाचं हाड पातळ होत जातं आणि घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेऊच शकत नाही. पट्टा खाली घसरला किंवा करकचून आवळला तर बिटलेसनेही, म्हणजे तोंडात लोखंड नसलेल्या लगामानेही, छळच होतो. आणि मेकॅनिकल हॅकमोर, म्हणजे लांब दांड्यांचा बिटलेस लगाम, मी अशा कामाला कधीच देणार नाही, तरफेमुळे नाकावर आणि कानामागे फार जोर येतो त्याचा.

मग घोडी माथेरानच्याच ऑलिंपिया मैदानावर नेली, आधी मामा दोर धरून, मग मी वर बसून, मग दोर सोडून. पहिल्या वळणाला ती गोंधळली, मान वाकडी करून उभीच राहिली, दुसऱ्यांदा वळली. मी पाठीत वजन घेऊन "हो" म्हटलं तर थांबली आणि थांबल्यावर जीभ फिरवत ओठ चघळायला लागली. मामा म्हणाले, "ही मान का नाही झटकत?" मी काही बोललेच नाही, ते जवळ येऊन तिच्या कपाळावर हात फिरवत बसले.

वुल्फ टूथ पावसाळ्यात काढला, तेव्हा तिथे गर्दी कमी असते. घोडी विकली नाही, अजून साइडपुलवरच चालते. मामांच्या दुसऱ्या घोड्याचा काटेरी लगाम मी त्याच दिवशी काढायला लावला, त्याच्या तोंडात आता साधा आहे, तोही काढा म्हणून आमची दर वेळी वादावादी होते. ते म्हणतात तो तापट आहे, मी म्हणते आधी त्याचं तोंड नीट बघू द्या.