ओल्या भुशाचा वास

गिरगावातल्या आमच्या चाळीत कुणाचं लग्न निघालं की सकाळी हातगाडीवरून बर्फाची लादी यायची. गोणपाटात गुंडाळलेली, अंगभर लाकडाचा भुसा चिकटलेला. ती नळाखाली धुवायची आणि मग बाबा टोच्याने तिची ढेकळं पाडायचे. आम्ही पोरं उडालेल्या चिपा तोंडात टाकायचो. ओल्या भुशाचा तो वास इतक्या वर्षांनी परत भेटला तो इथे, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या साउथ ब्रिस्टल नावाच्या छोट्या गावात, हातपाय बधिर करणाऱ्या थंडीत.

या गावात थॉम्पसन आइस हाउस म्हणून १८२६ पासूनचं बर्फघर आहे. दुहेरी लाकडी भिंती आणि मधल्या पोकळीत दहा इंच भुसा. धंदा केव्हाच संपला. मोडकळीला आलेलं ते घर गावकऱ्यांनी पुन्हा उभं केलं. आता दर फेब्रुवारीत शेजारच्या तळ्यातला बर्फ कापून आत भरतात, तोही हौसेने, बिनपगारी. जाईल त्याच्या हातात करवत देतात. माझ्याही दिली.

तळ्यावर आधी बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखतात. रेघांवर अर्ध्याअधिक खोलीपर्यंत काप घेतात, उरलेलं लांब करवतीने कापायचं किंवा पहारीने फोडायचं. सुटलेल्या लाद्या पाण्याच्या पाटातून, लांब काठीच्या आकड्याने ढकलत, घराच्या उतरणीपर्यंत आणतात. पाण्यात असेपर्यंत एवढी मोठी लादी माझ्यासारखीच्या एका हाताने सरकते, वर ओढायला मात्र दोर आणि चार माणसं लागतात. माझ्या लादीत ओकचं एक पान अडकलं होतं. शिरान् शीर दिसत होती. पूर्वी चौकटी आखायला दात्यांच्या अवजाराला घोडे जुंपायचे. ते अवजार नॅथनिएल वायथने १८२५ च्या सुमारास काढलं आणि नुसत्या हाताने होणारं हे काम कारखान्याच्या वेगाने होऊ लागलं.

तिथे शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी मी भारतातली कळल्यावर अगदी प्रेमाने सांगितलं, ‘‘आमच्या लोकांनी जहाजातून पाठवेपर्यंत तुमच्याकडे कुणी बर्फ पाहिलाच नव्हता!’’

मला ते लागलं. अजून लागतंय, म्हणून हे लिहायला बसले.

त्यांचं अर्धं बरोबर आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८०६ मध्ये पहिलं बर्फाचं जहाज कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिकला पाठवलं. लोक हसले, तो कर्जात बुडाला, तुरुंगातही गेला, पण त्याने हट्ट सोडला नाही. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी ते पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता! लाद्या एकमेकींना चिकटून रचायच्या, म्हणजे उघडा पृष्ठभाग कमी. भोवती कोरडा भुसा, जो लाकूडगिरण्यांना नकोसाच झालेला असे. वितळलेलं पाणी पंपाने काढत राहायचं, कारण ओला भुसा थंडी धरत नाही. हे सगळं या लोकांनी चुका करत करत शोधलं, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण ‘पाहिलाच नव्हता’?

अलाहाबादकडे उथळ खड्ड्यांत उसाच्या वाळक्या कांड्यांचा किंवा मक्याच्या ताटांचा जाड थर घालून त्यावर मातीच्या पसरट, बिनझिलईच्या परळांच्या ओळी मांडत. तिन्हीसांजेला त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. हिवाळ्यातली निरभ्र, कोरडी रात्र असली की पाण्यातली ऊब वर आभाळाकडे निघून जायची, खालच्या थरामुळे जमिनीची ऊब वर यायची नाही आणि हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही परळात बर्फ धरायचा. उजाडायच्या आत तो खरवडून खोल खड्ड्यात गवत-कांबळ्यांखाली दाबून ठेवत. रॉबर्ट बार्कर या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने हे १७७५ मध्ये इंग्रजीत लिहून ठेवलंय. अकबराच्या दरबारात तर पाणी सोरा नावाच्या क्षाराने गार करत आणि लाहोरला मुक्काम गेल्यावर डोंगरातलं बर्फ नावांतून, गाड्यांतून, माणसांच्या डोक्यावरून येई. ट्यूडरच्या किमान दोन शतकं आधी. तळं गोठलेलं असताना बर्फ कापायला कष्ट लागतात, मान्य. पण तळं गोठतच नाही तिथे बर्फ धरायला रात्र समजावी लागते.

हे आजोबांना सांगताना माझा आवाज चढला होता. मग मीच थोडी थांबले, कारण आमच्या मुंबईत यातलं काहीच चालणारं नव्हतं. दमट हवा, समुद्र आणि ऊबदार रात्री. मुंबईने खरोखरच बॉस्टनच्या वाटेकडे डोळे लावले. १८३४ मध्ये पहिला बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमान-पाहुणे सगळ्यांनाच सर्दी झाली, असं ‘मुंबई समाचार’ने छापल्याचं सांगतात. १८४३ मध्ये फोर्टात, गोदीजवळ सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी घुमटाचं बर्फघर झालं. आज तिथे कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. बर्फघर पाडून टाकलं.

यांनी आपलं जपलं आणि आपण पाडलं, हे पहिलं मनात आलंच. पण बर्फाचे कारखाने निघाल्यावर ते घर रिकामं ठेवणं फोर्टातल्या जागेला परवडणारं नव्हतं. इथे तळं आहे, रान आहे, हजारेक लोकांचं गाव आहे. शिवाय मद्रासचं बर्फघर उभं आहेच की. १८९७ मध्ये विवेकानंद तिथे राहिले, म्हणून टिकलं.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हातमोजे काढून दोन्ही तळव्यांची ओंजळ केली आणि विचारलं, ‘‘परळ एवढा खोल?’’ मी त्यांचे तळवे धरून सपाट केले. ‘‘नाही, इतका उथळ. जेमतेम सव्वा इंच.’’

रात्री बाबांना फोन केला. तीस वर्षं ते फोर्टातल्या त्या बर्फघराच्या जागेजवळच्या लायन गेटवरून ऑफिसला जात होते.

‘‘बाबा, तुम्हाला माहीत होतं, तिथे अमेरिकेचा बर्फ ठेवायचे?’’

‘‘नाही गं,’’ म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आणि भुसा? तेही भुसाच लावायचे?’’