माझी पहिली कॅनोपी: 210 का घेतली आणि 170 का नाही

स्कायडायव्हिंगच्या प्रशिक्षणातील मोठी कॅनोपी (पॅराशूटचे कापडी छत्र) मागे ठेवून स्वतःची मुख्य कॅनोपी घेण्याचे काम या उन्हाळ्यात मार्गी लागले. मी घेतलेली कॅनोपी वापरलेली असून ती 210 चौरस फुटांची, नऊ कप्प्यांची, कडांना किंचित निमुळती होत जाणारी आणि झिरो पोरोसिटी (हवा आरपार न जाऊ देणाऱ्या) कापडाची आहे. ज्यांना नुकताच ए परवाना (स्वतंत्रपणे उडी मारण्याचा पहिला परवाना) मिळाला आहे आणि ज्यांना पहिल्या रिगसाठी (पॅराशूटच्या संपूर्ण संचासाठी) कोणता आकार घ्यावा हे ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात विंग लोडिंगपासूनच, म्हणजे कॅनोपीच्या दर चौरस फुटामागे किती पौंड वजन येते यापासूनच करावी लागते. माझे वजन 74 किलो आहे. रिग, हेल्मेट, बूट आणि जंपसूट मिळून सुमारे 12 किलो धरले, तर विमानातून बाहेर पडतानाचे वजन 86 किलो, म्हणजे साधारण 190 पौंड होते. याला कॅनोपीच्या क्षेत्रफळाने भागले असता 210 वर 0.90, 190 वर 1.0 आणि 170 वर सुमारे 1.1 असे लोडिंग येते. नवख्याने 1.0 ची मर्यादा ओलांडू नये हा सर्वमान्य दंडक आहे आणि त्यापुढे दर शंभर उड्यांमागे 0.1 पेक्षा अधिक वाढ करू नये असाही एक संकेत पाळला जातो. या हिशेबाने 190 चालली असती. सोबत शिकलेल्या एक-दोघांनी तर थेट 170 घेण्याचा आग्रह धरला होता, कारण वर्षभरात ती घ्यावी लागणारच, मग दोनदा खर्च कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद मला पटला नाही, कारण लोडिंगचा आकडा वाढतो तेव्हा नेमके काय वाढते हे त्यात दिसत नाही. कॅनोपीचा वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 0.90 वरून 1.1 वर गेल्यास वेग सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, पण जमिनीवर आदळलो तर शरीराला सोसावी लागणारी ऊर्जा सुमारे बावीस टक्क्यांनी वाढते. शिवाय लहान कॅनोपीच्या दोऱ्या आखूड असल्याने टॉगल (ब्रेकच्या दोरीची मूठ) तेवढाच ओढला तरी ती अधिक चपळपणे वळते आणि वळणात अधिक उंची गमावते. व्यवस्थित उघडलेल्या, कोणताही दोष नसलेल्या कॅनोपीखाली जमिनीजवळ घेतलेल्या वळणामुळे आजवर कितीतरी जण जायबंदी झाले आहेत आणि काहींनी प्राणही गमावले आहेत. त्यामुळे आपल्या सर्वांत चांगल्या लँडिंगला कोणती कॅनोपी शोभेल हा प्रश्न मी बाजूला ठेवला. चुकलेला अंदाज, अनोळखी शेत, उशिरा झालेला फ्लेअर (उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग कमी करणे) अशा दिवशी कोणती कॅनोपी आपल्याला धडपणे उभे ठेवील, एवढेच पाहिले.

दुसरा मुद्दा हवेचा आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते, म्हणून मला तो आवर्जून मांडायचा आहे. आमच्या सोलापुरात ड्रॉपझोन (स्कायडायव्हिंगच्या उड्यांचे ठिकाण) नाही. माझे प्रशिक्षण थायलंडच्या किनाऱ्याजवळ झाले आणि आता हरियाणातील नारनौलला जावे लागते. किनाऱ्यावर अंगवळणी पडलेला वेग पठारावर कायम राहत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटर उंचीवर आहे. येथील उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर असताना हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेपेक्षा सुमारे तेरा टक्क्यांनी कमी भरते. विरळ हवेत तेच वजन पेलण्यासाठी कॅनोपीला सुमारे सात टक्के अधिक वेगाने उडावे लागते, म्हणजे 0.90 लोडिंगची माझी कॅनोपी अशा दुपारी समुद्रकिनाऱ्यावरील 1.03 लोडिंगच्या वेगाने धावेल. उन्हाळ्यातील नारनौलची स्थितीही याहून फार वेगळी नाही. 190 घेतली असती तर हाच आकडा 1.15 च्या आसपास गेला असता. कागदावर मर्यादेत असलेली कॅनोपी हवेत मर्यादेत राहतेच असे नाही.

मग 260 का नको? याचेही उत्तर हवेतच आहे. हलके लोडिंग असलेल्या कॅनोपीच्या कप्प्यांत हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे झोताच्या वाऱ्यात ती अधिक हेलकावते आणि वारा जोराचा असेल तर पुढे सरकण्याऐवजी मागे ढकलली जाते. चैत्र-वैशाखातील आपल्याकडच्या वावटळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अशा दुपारी कोणत्याही आकाराची कॅनोपी घेऊन उडी मारण्याचे धाडस होऊ नये. सकाळी लवकरच्या उड्या हाच त्यावर उपाय आहे.

कापडाची पारख करताना मला विशेष आनंद झाला, कारण अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत आणि भिंगाखाली धागे मोजण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. एफ-111 या दुसऱ्या जातीच्या नायलॉन कापडातून हवा कमी जाते ती प्रामुख्याने घट्ट वीण आणि कॅलेंडरिंग (तापलेल्या रुळांखाली कापड दाबणे) यांमुळे. प्रत्येक घडीबरोबर तो घट्टपणा सैलावतो आणि काही शे उड्यांनंतर फ्लेअरमधील जोर कमी झालेला जाणवतो. झिरो पोरोसिटी कापडावर सिलिकॉनचा लेप असल्याने ते दीर्घकाळ टिकते, मात्र नवे असताना इतके निसरडे असते की घडी पिशवीत जाण्याआधीच हातातून सुटते. वापरलेली कॅनोपी घेण्यामागे हेही एक कारण होते. मंगल कार्यालयाच्या रिकाम्या सभागृहात ती पसरून मी मधल्या कप्प्याचा वरचा भाग, जेथे पायलट शूटची (मुख्य कॅनोपी बाहेर ओढणाऱ्या लहान छत्रीची) पट्टी जोडलेली असते, तेथील शिवण आणि आसपासचे रिपस्टॉपचे (फाट पसरू नये म्हणून विणलेल्या जाड धाग्यांचे) चौकोन भिंगाने एकेक करून तपासले. धागा सरकलेला कुठेही आढळला नाही.

दोऱ्यांबाबत मात्र विक्रेत्याकडे आग्रह धरावा लागला. दोऱ्या स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या आहेत. कॅनोपी उघडताना स्लायडर (दोऱ्यांवरून घसरत उघडण्याचा वेग आवरणारा कापडी तुकडा) खाली येताना घर्षणाने जी उष्णता निर्माण होते, तिने बाहेरच्या बाजूच्या आणि ब्रेकच्या दोऱ्या हळूहळू आखडतात. टॉगल पूर्ण वर सोडले असताना ब्रेकच्या दोऱ्यांनी मागे किंचित कमान धरायला हवी. त्या ताठ राहून शेपटी (कॅनोपीची मागची कड) खाली ओढत असतील तर कॅनोपी सतत अर्धवट ब्रेकमध्ये उडते. या कॅनोपीची शेपटी किंचित खेचलेली दिसत होती, म्हणून ब्रेकच्या दोऱ्या बदलून घेतल्यानंतरच व्यवहार पूर्ण केला.

राखीव कॅनोपीत मी तसूभरही तडजोड केली नाही. कंटेनर (दोन्ही कॅनोपी ठेवायची पाठीवरची पिशवी) आटोपशीर दिसावा म्हणून लहान राखीव घेण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. राखीव वापरण्याची वेळ येते तेव्हा उंची कमी, जागा अनोळखी आणि मन भांबावलेले असते. तिचे लोडिंगही 1.0 च्या आतच ठेवले. कंटेनर 210 आणि 190 या दोन्ही मुख्य कॅनोपींना चालेल असा निवडला आहे. येथे एक सूचना द्यावीशी वाटते: सर्व निर्माते क्षेत्रफळ एकाच रीतीने मोजत नाहीत, त्यामुळे एकाची 190 दुसऱ्याच्या 190 एवढीच असेल असे गृहीत धरू नये.

आता 190 कडे जाण्याआधी याच कॅनोपीवर ब्रेकमधील सपाट वळण, आडव्या वाऱ्यातील लँडिंग, फ्लेअर चालू असताना दिशा सुधारणे आणि मागच्या रायझरवरील (दोऱ्यांना हार्नेसशी जोडणाऱ्या पट्ट्यांवरील) नियंत्रण या गोष्टी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली पक्क्या करायच्या आहेत. रायझरचा सराव प्रथम भरपूर उंचीवर करीन आणि त्यांच्या किती खेचीला स्टॉल होतो (कॅनोपीचे उडणे थांबून ती कोसळू लागते) ते नोंदवून पुढच्या नोंदीत देईन.