डोक्यावरचा खर्च

लग्न ठरलं की कार्यालय, घोडा, बँड अशी रांग आपोआप लागते. हेडफोनचंही तेच. पंचवीस हजारांचा हेडफोन घरात आला की मागोमाग डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा संकेत करणारी डबी) येतो, अ‍ॅम्प (त्या संकेताला जोर देणारी डबी) येतो, चांदीचा मुलामा दिलेली केबल येते आणि शेवटी हे सगळं मांडायला एक टेबल येतं. या वरातीचं कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘अ‍ॅम्पशिवाय याला न्याय मिळत नाही.’

न्यायाचं राहू द्या, हिशेब करू. खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात आणि बहुधा खोक्याबरोबरच माळ्यावर जातात. एक इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे 1 मिलिवॉट दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो. लोक पहिल्या आकड्याला घाबरतात, खरा खेळ मात्र दुसऱ्याचा असतो.

सेनहायझरचा एचडी 600 घ्या. 1997 पासून विकला जातोय, 300 ओहमचा आहे, म्हणून त्याची ‘अ‍ॅम्प मागणारा’ अशी ख्याती. सेन्सिटिव्हिटी सुमारे 97 डेसिबल. त्याला 1 व्होल्ट दिला तर 300 ओहममधून साधारण 3.3 मिलिवॉट जातात आणि आवाज 102 डेसिबलपर्यंत चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला 40 तास ऐकायचं तर सरासरी 80 डेसिबलच्या आत राहावं. म्हणजे तबल्याच्या थापेसाठी वर वीसेक डेसिबलची जागा शिल्लक आहे. आता हायफायमॅनचा एचई-6 बघा. 50 ओहम, ऐकायला गरीब. पण सेन्सिटिव्हिटी फक्त 83.5. त्याच्यातून 110 डेसिबलचा कळस गाठायचा तर जवळजवळ 450 मिलिवॉट लागतात, म्हणजे 4.7 व्होल्ट आणि सोबत 95 मिलिअँपिअर करंट. तेवढ्याच आवाजाला एचडी 600चं 20 मिलिवॉटमध्ये भागतं. अ‍ॅम्प खरोखर मागतो तो हा 50 ओहमवाला.

1 व्होल्ट कुठून आणायचा? अ‍ॅपलचा तो नखाएवढा यूएसबी-सी डॉन्गल, म्हणजे फोनला वायरचा हेडफोन जोडायचा तुकडा, पूर्ण आवाजावर 1 व्होल्टच्या आसपास देतो आणि त्याची गोंगाट-विकृतीची मोजमापंही स्वच्छ येतात. युरोपात विकला जाणारा मात्र साधारण निम्माच देतो. अनेक अँड्रॉइड फोनांवर आणखी एक गंमत होते. फोन स्वतःचा आवाज शंभर टक्के करतो, पण डॉन्गलच्या आतला आवाज अर्धवटच राहतो. ‘माझ्या हेडफोनला अ‍ॅम्प लागतो’ या निष्कर्षांतले बरेचसे या एका घोळातून निघतात. तोच डॉन्गल लॅपटॉपला लावून बघायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

ब्लूटूथवाल्यांचं आणखी सोपं. अ‍ॅम्प आणि डॅक कपाच्या आतच बसवलेले असतात. बाहेरून अ‍ॅम्प जोडणं म्हणजे पोळीला पुन्हा कणीक लावणं.

दांडगा अ‍ॅम्प असला म्हणजे बरंच, असंही नाही. कानात घालायचे इअरफोन इतके संवेदनशील असतात की हाय गेनवर, म्हणजे अ‍ॅम्पची आवाज वाढवण्याची पट जास्तीवर असताना, नॉब सात-आठ वाजल्याच्या जागेपलीकडे नेताच येत नाही. नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे, डाव्या-उजव्या कानासाठीचे दोन ट्रॅक तळाशी कधीच अगदी सारखे नसतात, त्यामुळे गायक डावीकडे सरकून बसतो. वर मागे सतत सूंऽऽ असा आवाज. गेन लो करावा, नॉब दहा-अकराच्या जागी आणावा, दोन्ही तक्रारी बहुधा तिथेच मिटतात. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्सही बघावा. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाच्या आत असला की निश्चिंत. काही इअरफोनांचा इम्पिडन्स सुरागणिक 8 ते 40 ओहम असा हेलकावतो. त्यांना 10 ओहमच्या आउटपुटवर लावलं तर काही पट्ट्या दबतात, काही फुगतात, आणि लोक त्याला ‘अ‍ॅम्पचा ऊबदार स्वभाव’ म्हणतात.

तरीही दोन अ‍ॅम्पांत फरक ऐकू येतोच, असा आग्रह असेल तर मल्टिमीटर काढावा. अर्धा-एक डेसिबलने मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानातला जादूचा क्षण बहुतेकदा एवढाच असतो. बॅलन्स्ड केबलची (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी) कीर्तीही अशीच वाढते, कारण त्या जॅकमधून व्होल्टेज दुप्पट, म्हणजे 6 डेसिबल जास्त मिळू शकतं. म्हणून हेडफोन अ‍ॅम्पला जोडलेलाच ठेवून, पण कानांवरून काढून, 200 हर्ट्झचा सूर वाजवावा, एसी व्होल्ट मोजावेत आणि दोन्ही अ‍ॅम्प जुळवावेत. 1 व्होल्टला 10 मिलिव्होल्टांहून जास्त तफावत नको. रस्त्यावरचा पिवळा मीटर इथे कुचकामी. त्याची एसीची सर्वांत लहान रेंज 200 व्होल्ट असते. 2 व्होल्टची रेंज असलेला आणावा. मग घरातल्या कुणालातरी न सांगता अदलाबदल करायला बसवायचं, दहा फेऱ्या. दहापैकी नऊ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलं तर ती निव्वळ नशिबाची गोष्ट असण्याची शक्यता जेमतेम एक टक्का. आठ आले तर साडेपाच टक्के, म्हणजे वाद मिटत नाही. बहुतेक जण पाच-सहावर थांबतात आणि मीटरला दोष देतात.

हेडफोनाहेडफोनांतला फरक ओळखायला मात्र मीटर लागत नाही. तिथेही किमतीवर भिस्त नको. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनांचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती मोठा वाजतो ते) आणि किंमत ताडून पाहिली, तर दोन्हींचा मेळ बसेना. दुकानात ऐकायला तानपुरा न्यावा. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्यात खर्जाची तार 69 हर्ट्झवर असते आणि तिची जवारी, म्हणजे झंकार, थेट वरच्या पट्ट्यांपर्यंत उघडते. हलक्या हेडफोनात एकतर खर्ज सुजतो, नाहीतर जवारीची पत्र्यासारखी खणखण होते. दुसरी चाचणी बातम्यांची. 6 ते 9 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात उंचवटा असेल तर निवेदिकेचा प्रत्येक ‘स’ आणि ‘च’ कानाला टोचतो. चारपाच डेसिबलचा उंचवटा इक्वलायझरने बसवता येतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे. एखादी पट्टी वर चढवली तर त्यातला प्रीअ‍ॅम्प, म्हणजे एकूण आवाज, तेवढाच खाली घ्यावा, नाहीतर आवाज फाटतो.

चष्मा घालूनच ऐकून बघावं. बंद कपाच्या गादीखाली चष्म्याची काडी आली की फट पडते आणि बास तिथून पळतो. बदलायच्या गाद्या मिळतात का, हे खरेदीआधी विचारावं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रेक्झिनसारख्या गाद्यांना दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि काळे कपचे कानामागे चिकटून ऑफिसात पोचतात. कापडी गादी टिकते, पण दबून सपाट झाली की ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, कानाजवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. तेव्हा लोक नवा अ‍ॅम्प बघू लागतात. हवी असते नुसती गादी.

ओपन-बॅक, म्हणजे कपाची पाठ उघडी असलेल्या, हेडफोनचा खुलेपणा दोन्ही बाजूंनी असतो. आपला मालकंस शेजारी झोपलेल्याला, कुकरची शिट्टी आपल्याला. आणि पंखा. पाचवर फिरणारा पंखा खर्जाच्या तारेवर नेमका पांघरूण घालतो. तो बंद केला तर मे महिन्यात दहा मिनिटांत गाद्या ओल्या होतात. म्हणून पुष्कळ घरांत सगळ्यात जास्त फरक पाडणारा नॉब अ‍ॅम्पवर नसतोच, तो भिंतीवर असतो, आणि रात्री साडेदहानंतर तडजोडीने दोनवर येतो.