चाकणच्या असेंब्ली लाइनवर

एमबीएच्या वर्गात ‘टॅक्ट टाइम’ची, म्हणजे मागणी पुरी करण्यासाठी एका गाडीमागे मिळणाऱ्या वेळेची गणिते मी सहज सोडवत असे, परंतु पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक पट्ट्यातील एका मोटार कारखान्यात पिवळ्या पट्ट्याआड उभे राहून लाइन सरकताना पाहिली, तेव्हा त्या आकड्याचा खरा अर्थ उमगला. पाळीत प्रत्यक्ष कामाची ४२० मिनिटे आणि मागणी २१० गाड्यांची धरली, तर लाइनवरच्या प्रत्येक ठाण्याला एका गाडीमागे दोनच मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात कामगाराला सुटा भाग उचलून, बसवून, तपासून पुढच्या गाडीकडे वळावे लागते.

पेंट शॉप काचेपलीकडूनच पाहिले, कारण धुळीचा कणही रंगात उठून दिसतो.

मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो ते इंजिन आणि सस्पेन्शन खालून वर उचलून बॉडीला जोडतात त्या ठिकाणी. या जोडणीला ‘मॅरेज’ म्हणतात; मुहूर्त मात्र दर दोन मिनिटांनी! तिथेच एका कामगाराने दोष दिसताच ओढायची दोरी ओढली, दिवा पिवळा झाला आणि टीम लीडर धावत आला. टोयोटाने रुजवलेल्या या पद्धतीत गाडी ठरलेल्या जागेपर्यंत सरकेतो दोष दूर झाला नाही, तर लाइन थांबते. एक बोल्ट पुरेसा आवळला गेला नव्हता. कोणीही त्या कामगारावर ओरडले नाही. असा थांबा मी आजवर माझ्या तक्त्यात निव्वळ तोटा म्हणून मांडत आलो होतो. त्या रात्री प्रकल्प अहवालातील तो रकाना मी खोडला.