आईची माळ आणि पाच चुली: मुनस्यारीतले सहा दिवस

मुनस्यारीला जायला उत्तराखंडातल्या काठगोदामला उतरल्यापासून आईचा एकच प्रश्न चालू होता, "अजून किती?" अल्मोडा गेलं, बागेश्वर गेलं, चौकोडी गेलं, थल गेलं. सुमारे २८० किलोमीटरची वाट, आणि त्यात सरळ म्हणावा असा तुकडा शोधूनही सापडत नाही. आम्ही बागेश्वरला मुक्काम केला. तुम्हीही करा, एका दिवसात हे अंतर रेटू नका. बिर्थीचा धबधबा मागे टाकला की काळामुनीची चढण लागते. वर खिंडीत कालीचं देऊळ आहे. तिथून उतरताना समोर पंचचुली ही पाच हिमशिखरांची रांग दिसायला हवी होती, पण दरीभर नुसतं पांढरं धुकं. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "कल दिखेगी." ती दुसऱ्या दिवशीही दिसली नाही.

पंचचुली हे नाव मराठी माणसाला फोडून सांगावं लागत नाही. स्वर्गाच्या वाटेला लागलेल्या पांडवांनी शेवटचा स्वयंपाक केला त्या या पाच चुली, अशी इथली कथा. त्यातलं सर्वांत उंच शिखर ६९०४ मीटर आहे. आणि मुनस्यारीबद्दल इथली म्हण अशी: सार संसार, एक मुनस्यार. सगळं जग एकीकडे आणि मुनस्यार एकीकडे.

आम्ही बाजारातल्या हॉटेलात न राहता जवळच्या सरमोली गावात एका घरी राहिलो. इथल्या बायकांनी मल्लिका विर्दी यांच्यासोबत 'माटी' नावाची संघटना उभी केली आणि त्यातून घराघरात पाहुणे ठेवायला सुरुवात झाली. त्या कमाईतला काही वाटा गावच्या वनपंचायतीकडे, म्हणजे जंगल राखायला जातो. २०२३ साली केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने सरमोलीला देशातलं सर्वोत्तम पर्यटन गाव ठरवलं. मला मात्र पुरस्कारापेक्षा आमच्या दीदींचं स्वयंपाकघर जास्त आठवतं. आई आत गेली ती बाहेरच येईना.

"ये गहत की दाल है. पथरी के लिए अच्छी होती है."

आईने चार दाणे तळहातावर घेतले. "अगं, हे तर कुळीथ! आमच्याकडेही मुतखड्याला हेच देतात."

मग मडुव्याची भाकरी आली, ती नाचणीची निघाली. झंगोऱ्याची, म्हणजे वरईसारख्या बारीक धान्याची, खीर आली, तेव्हा आईने उपवासाला चालते का ते आधी विचारून घेतलं. अनोळखी होतं ते फक्त जंबू. वरच्या कुरणांवरची ही वाळवलेली पात तुपात पडली की कांदा आणि लसूण यांच्या मधला कुठला तरी वास घरभर पसरतो. मुनस्यारीचा पांढरा राजमा त्या फोडणीत शिजला की दुसरं कालवण लागत नाही. हा राजमा चवीला सौम्य असतो, साल पातळ असते आणि लवकर शिजतो.

दुसरा दिवसही ढगातच गेला, म्हणून आम्ही मुनस्यारीतल्याच नानसेन भागातल्या संग्रहालयात गेलो. शेरसिंह पांगती या शिक्षकाने जोहार खोऱ्यातल्या शौका या भोटिया लोकांच्या वस्तू आयुष्यभर जमवून ते उभं केलं. लोणी-मिठाचा चहा घुसळायचं लाकडी नळकांडं, लोकरीचे जाड कपडे, मेंढ्यांच्या पाठीवर लादायच्या छोट्या पिशव्या. या पिशव्यांपाशी मी बराच वेळ थांबले. शौका म्हणजे व्यापारी. इथलं धान्य, गूळ, कापड घेऊन ते ऊंटा धुरासारख्या खिंडी ओलांडून तिबेटात जायचे आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतायचे. प्रत्येकाचा पलीकडे एक ठरलेला 'मित्र' असायचा आणि हे नातं बापाकडून मुलाकडे जायचं. १९६२ च्या युद्धाने ते सगळं थांबलं. वरची गावं ओस पडली. मिलम हे त्यांतलंच एक.

याच मिलमचे पंडित नैनसिंह रावत. जन्म १८३० चा, पेशाने शिक्षक, म्हणून 'पंडित'. परक्यांना तिबेटात मज्जाव होता त्या काळात, १८६५-६६ मध्ये, इंग्रजांच्या सर्व्हे खात्यासाठी ते वेश बदलून ल्हासापर्यंत चालत गेले आणि वाटभर अंतर मोजत राहिले. मोजायचं साधन होतं जपमाळ. माळेत १०८ मणी असतात, त्यांच्या माळेत १०० होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. टिपणं लपवायला प्रार्थनाचक्र, आणि उंची काढायला पाणी किती अंशांवर उकळतं ते बघायचं. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

हे सगळं मी आईला भिंतीवरचं वाचून दाखवत होते. आईने चार वाऱ्या पायी केल्या आहेत. चालण्याविषयी तिला कुणी काही शिकवावं असं नाही. तरी ती शांत झाली. संध्याकाळी पिशवीतली जपमाळ काढून तिने शंभराव्या मण्यानंतर लाल दोरा बांधला. म्हणाली, "उद्या मी मोजणार."

तिसऱ्या दिवशी खलिया टॉपचा ट्रेक. बलातीच्या वळणापर्यंत गाडी जाते, पुढे पायवाट. उंची सुमारे साडेतीन हजार मीटर. सरमोलीतलीच एक ताई वाटाड्या म्हणून सोबत होती. ती पक्षी आधी आवाजाने ओळखायची, मग बोटाने दाखवायची. एप्रिलचा मध्य होता. खालच्या जंगलात बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, लालभडक फुलला होता. जसजसं वर गेलो तसा तो गुलाबी होत गेला आणि शेवटी झाडांचीच झुडपं झाली. फुललेल्या बुरांशाखाली ओलसर सावलीत चालणं हा या सहलीतला माझा सगळ्यांत आवडता तास. सकाळी नऊच्या सुमारास ढग फाटले आणि पाचही शिखरं एकदम उभी राहिली. सूर्य त्यांच्या पाठीशी होता, म्हणून ती पांढरी न दिसता निळसर, कापून चिकटवल्यासारखी दिसत होती.

आई बोलत नव्हती. ओठ हलत होते, बोट मण्यावर. मी काही विचारलं की हाताने थांबवायची.

झाडी संपून बुग्याल, म्हणजे वरचं गवताळ कुरण, सुरू झालं. सावलीच्या बाजूला अजून बर्फ होता. आणि तिथेच आभाळ अचानक काळवंडलं, गारा सुरू झाल्या. ताईने आम्हाला एका शिळेच्या आडोशाला बसवलं. माझे बूट आतून भिजले. उन्हाळ्यात कशाला लागतील म्हणून मी पावसाळी बूट घरीच ठेवले होते. तुम्ही ती चूक करू नका, इथे एप्रिल-मेमध्येही दुपारनंतरच्या हवेचा भरवसा नाही. पहाटे निघा, दुपारपर्यंत उतरायला लागा. आमचा माथा राहिला. ताईने परत फिरायचं म्हटल्यावर आम्ही वाद घातला नाही.

आडोशाला बसल्यावर आईने मणी मोजले. त्र्याहत्तर. म्हणजे ७३०० पावलं. पंडितांच्या हिशेबाने ते जवळपास ५.९ किलोमीटर व्हायला हवेत. माझ्या मोबाइलवर ४.३ दिसत होते. आईला वाटलं आपलं चुकलं. पण चुकलं नव्हतं. चढावर पाऊल आपोआप आखूड पडतं. नैनसिंहांना म्हणून आधी तालीम दिली होती, की चढ असो, उतार असो, सपाटी असो, पाऊल तेवढंच पडलं पाहिजे. अशी त्यांनी सुमारे दोन हजार किलोमीटर वाट मोजली. हे वाचणं वेगळं आणि गारांमध्ये बसून, धाप लागलेली असताना कळणं वेगळं. आई कितीतरी वेळ त्या लाल दोऱ्याकडे बघत होती.

चौथा दिवस पाय दुखण्यात आणि महेश्वरी कुंडापर्यंतच्या सावकाश फेरीत गेला.

पाचव्या दिवशी दरकोट. मुनस्यारीच्या खाली काही किलोमीटरवर हे विणकरांचं गाव आहे, जुन्या घरांच्या दारांवर सुरेख कोरीव काम आहे. तिबेटची लोकर बंद झाली तरी माग बंद पडले नाहीत. एका ओसरीवर एक आमा, म्हणजे आजी, गालिचा विणत बसल्या होत्या. त्याला इथे 'दन' म्हणतात. भोटिया दनला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. "पैलाग, आमा," एवढंच कुमाऊनी मला येत होतं, तेवढं म्हटलं. त्या धाग्याला गाठ मारायच्या, सुरीने शेंडा कापायच्या, ओळ पुरी झाली की लोखंडी पंजाने ठोकायच्या. ठक, ठक, ठक. समोर नक्षीचा कागद नव्हता. आई त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि माणदेशातल्या घोंगडीविषयी मराठीतच सांगू लागली. आमा मान डोलावत ऐकत होत्या. मी एक छोटं आसन घेतलं. भाव केला नाही आणि कुणी करू नये. अर्धा तास शेजारी बसून बघितलं की एका वितीत किती गाठी जातात ते कळतं.

शेवटच्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. शिखरं पूर्वेला असल्यामुळे मुनस्यारीत खरा सोहळा मावळतीला असतो. आम्ही दीदींच्या अंगणात बसलो होतो. आधी शिखरं पिवळी झाली, मग केशरी, मग आतून कुणीतरी जाळ घातल्यासारखी लाल. दीदी मडुव्याचं पीठ मळायचं सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. रोज बघत असतील, तरी.

आईच्या हातात माळ होती. लाल दोऱ्याच्या पुढचे मणी ती चिमटीत धरून बसली होती.

"काढलेल्या त्या आठ मण्यांचं त्यांनी काय केलं असेल गं?" ती म्हणाली.