लाडावलेलं लिंबू

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून ‘साई शरबती’ जातीच्या लिंबाचं रोप आणून परसात लावलं, त्याला आता सहावं वर्ष. पहिली चार वर्षं झाड नुसतं हिरवंगार, लिंबू एकही नाही! दोष माझाच. भाज्या धुतलेलं पाणी रोज बुंध्याशी ओतायचं, वर युरियाची मूठ. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, लाडावलंयस त्याला. जरा ताण दे.”

मग आळं खोडापासून हातभर लांब सरकवलं आणि डिसेंबरभर पाणी तोडलं. पानं मलूल झाली, थोडी गळलीही. माझा जीव खालीवर. जानेवारीत शेणखत घालून हळूहळू पाणी सुरू केलं, तर पंधरा-वीस दिवसांत शेंड्याशेंड्याला कळ्या!

कोवळ्या पालवीवर पक्ष्याची शीट पडल्यासारखी एक अळी बसते. काडीने डिवचली की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते, उग्र वास सोडते. फुलपाखराचीच अळी ती. मी वेचून टाकते, एकदोन मात्र कढीपत्त्यावर सोडते.

जुलैत साठेक लिंबं उतरली. वीस काकूंकडे पोचवली. त्यांनी एक नखाने खरवडून हुंगलं. “साल पातळ आहे. लोणच्याला चालतील.”